जिचं माणूस गेलंय तिनं उठावं

१० ऑगस्ट

विसरलीस ना पाटी? काल तुला घंटाभर सांगितलं – माहेरची जत्रा, सासूचा स्वभाव, डाव्या गुडघ्याचं दुखणं – आणि आज बघते तर कोरी. एक काळी मुंगी न्हाय. शिवलीला म्हणाली, "आजी, सेव्ह करायचं राहिलं." म्हंजे विसरली असं सरळ म्हण की. मी सत्तरीच्या पुढं गेले तरी माझ्या लग्नात कोणी किती पोळ्या खाल्ल्या ते सांगते, आणि हिला कालचं आठवत न्हाय.

तर पुन्हा पहिल्यापासून. मी शिवगंगा. गाव सास्तूर. अक्षर येत न्हाय. लहानपणी पाटी मागितली तर बापानं शेळी दिली. म्हणून ह्या फोनला मी पाटी म्हणते. काळी हाय, चौकोनी हाय, आणि उशिरा का होईना मिळाली. शिवलीला माझी नात, धाराशिवला कॉलेजात, शनिवारी येष्टीनं येते. तिनंच शिकवलं – हे माईकचं चित्र दाब, बोल, बोललेलं लिहून येतं. तारीख आपली आपण पडते. लिहिलेलं मला वाचता येत न्हाय, म्हंजे मी काय बोलले ते मलाच परत कळणार न्हाय. लई बेस.

पहिलं गुपित. बीपी वाढलं म्हणून सुनेनं माझ्या ताटातलं मीठ बंद केलंय. मी कनवटीला खड्याचं मीठ ठेवते. ती पाठ वळली की जिभेवर एक खडा.

१२ ऑगस्ट

शिवलीला माझी गाणी कसल्याशा ॲपवर टाकते. हळदीचं टाकलं, बारशाचं टाकलं. ऐकणारे अकरा. त्यातले नऊ भावकीतले, दहावी मीच, चुकून दाबलं गेलं. अकरावा कोण, त्याचा तपास चालू हाय.

१६ ऑगस्ट

पोरगी पाय धुवायच्या आत म्हणाली, "आजी, दुसऱ्या कुणाला येत न्हाय असं एक तरी गाणं असंल तुझ्याकडं."

हाय. सांगायचं नव्हतं. सांगितलं.

माघारीची ओवी. गेलेल्या माणसाला घरी बोलवायची. जात्यावरच म्हणायची, दळण घातल्यावर. पण आधी 'सांगणं' असतं. माझी आजी खुंटा सोडून ताठ बसायची, एकेकीच्या तोंडाकडं बघायची आणि सांगायची – जिचं माणूस नुकतं गेलंय तिनं उठावं. जिच्या पोटात लेकरू हाय तिनं उठावं. राहिलेल्यांनी ऐकावं, पण हुंकार देऊ न्हाय. मग गप्प. उठणारी उठून पार आडापर्यंत पोचली की मग आजीचा हात खुंट्याला. तोवर जातं हलत नव्हतं.

आणि ओव्या झाल्या की त्याच पिठाची पहिली भाकर करायची, बिनमिठाचं पिठलं घालून उंबऱ्याबाहेर ठेवायची, आणि भाकर हातात असतानाच पाठवणीची ओवी म्हणायची. बोलावलेल्याला जेवू घालून वाटेला लावायचं. पाहुण्याची रीत असते तीच. मीठ मात्र घालायचं न्हाय. गेलेल्या माणसाला मीठ सोसत न्हाय, मीठ दिसलं की ते जवळ येत न्हाय.

शिवलीला डोळे एवढे करून ऐकत होती. "आजी, हे आता सगळीकडं असतं की. गाण्याच्या आधी इशाऱ्याची पट्टी येते. शिव्या असल्या, मारामारी असली, जीव द्यायचं काही असलं की पट्टी. तुझ्या आजीनं शंभर वर्षं आधीच लावली होती."

म्हटलं, आमची काही लावलेली नव्हती बाई. आमची तोंडाकडं बघत होती.

१७ ऑगस्ट

जातं पाठीमागं पत्र्याखाली असतं. जुन्या गावच्या ढिगाऱ्यातून तेवढं एक धड निघालेलं. त्याच्यापुढं बसले. शिवलीला म्हणाली, "दाणे नको घालू, आवाज बसतो." सून म्हणाली, "पिठाचा राडा नको, दळण गिरणीतून आणलंय."

रिकामं जातं फिरवू न्हाय. मला ठाऊक हाय. फिरवलं.

सांगणं सांगितलं. मग म्हटली –

पीठ पडं भुईवर, पाऊल उमटं त्यात गं
वाट चुकल्या माणसा, ये माघारी घरात गं

अकरा ओव्या झाल्या. बारावी पाठवणीची. पण पीठ न्हाय, भाकर न्हाय, मग पाठवणी कशी म्हणणार? मोकळ्या हातानं ती तोंडात आणायचीच न्हाय. म्हणून तिथंच थांबले. शिवलीला म्हणाली, "वा, काय संपलं!"

संपलं नव्हतं.

१८ ऑगस्ट

जात्याभोवती पांढरी धूळ हाय. दगडावर दगड घासला, दगडाचीच असणार. झाडायला गेले तर मधोमध एक पाऊल. लहान. मांजराचं म्हणावं तर मांजराला अशी टाच नसते.

झाडलं न्हाय.

२४ ऑगस्ट

शिवलीलानं गंमत केली. तेच गाणं दोनदा टाकलं. एक नुसतं. दुसऱ्याला पट्टी लावली – काळी, वर पांढरी अक्षरं. तिनं वाचून दाखवलं: "इशारा. तुमच्या घरातलं माणूस नुकतंच गेलं असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर हे ऐकू नका." खाली एक बटण. 'तरीही ऐकायचंय.' ते दाबल्याशिवाय पुढं जात न्हाय.

नुसतं ऐकलं वीस जणांनी. पट्टीचं ऐकलं नऊ हजारांनी.

म्हटलं, गाणं तेच, गळा तोच, मग हे नऊ हजार कुठून आले? पोरगी म्हणाली, "पट्टीमुळंच तर आले, आजी." दुधावर 'नासलंय' लिहून गवळ्यानं दुप्पट दूध विकावं तसला प्रकार.

शेजारचा माणिकप्पा दहा वर्षं ठार बहिरा. तो पण ओट्यावर फोन कानाला लावून बसलेला. खुणेनं विचारलं, ऐकू येतं का? म्हणाला, "न्हाय. पण ऐकू नका म्हणालेत ना."

३१ ऑगस्ट

चाळीस हजार.

लोक खाली लिहितात. शिवलीला वाचते. पहिल्यांदा हसत वाचत होती. 'आजी, काय आवाज.' 'आजी, अंगावर काटा.' मग एक आलं – 'दुपारी ऐकलं, अंगणात आईच्या पैंजणांचा आवाज आला.' मग दुसरं – 'बाबांच्या खुर्चीची उशी बसल्यासारखी दबलीय.' शिवलीलाचा आवाज लहान होत गेला.

मग म्हणाली, "आजी, हे पुष्कळ जणांनी विचारलंय. मागं हुंकार देणारी पोरगी कोण?"

म्हटलं, तूच की.

"मी न्हाय. मी तर तोंडावर हात ठेवून बसले होते."

लावून बघितलं. प्रत्येक ओवीच्या शेवटी, जात्याच्या घरघरीखाली – हूं. बारीक. शेंबडी पोरं देतात तसा, नाकातून.

माझा लेक राजशेखर जेवत होता. त्यानं घास ताटात ठेवला. फोनकडं बघितलं न्हाय, माझ्याकडं बघितलं. "आई, हे काढून टाकायला सांग." आणि हात धुवून शेतावर गेला. ताटात अर्धी भाकर तशीच.

२ सप्टेंबर

मी बोलले की पाटीवर बारक्या रेघा उड्या मारतात. आज दुपारी मी गप्प होते. घरात कुणी नव्हतं. रेघा हलत होत्या.

७ सप्टेंबर

आता खरं सांगते. तुझ्याशिवाय ऐकणारं कुणी न्हाय, आणि तू विसरभोळी.

मला आधीची दोन लेकरं झाली, दोन्ही गेली. मग राजशेखर राहिला. मग पोरगी झाली, तर सासूनं नाव ठेवलं कडूबाई. कडू नाव असलं की मरण चाखून थुंकतं म्हणे. म्हंजे पट्टीच की ती पण! मी पोरीच्या जन्माला पट्टी लावली आणि निवांत झोपले.

कडू नऊ वर्षांची होती. आम्ही गणपती बुडवून आलो, पाय दुखले म्हणून रडत झोपली. पहाटं भूकंप झाला. राजशेखर चौदाचा, अंगणात झोपला होता म्हणून वाचला. मला तुळईखालून काढलं. कडूला दुपारी काढलं.

मरणाला पट्टी वाचता येत न्हाय. माझ्यासारखंच अडाणी.

आमच्या लिंगायतांत माणसाला मातीत बसवतात. मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन. पण त्या दिवशी कुणाकुणाला बसवणार? खड्डे खणायला माणसं नव्हती. घराघराचे वासे, दारं, खाटा रचून सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. माझी कडू बसली न्हाय.

माघारीच्या ओवीचा एक कायदा मी शिवलीलाला सांगितलाच न्हाय. म्हणणारी बाई कोरी पाहिजे. जिचं स्वतःचं कुणी गेलंय तिनं म्हणायची न्हाय. सांगणं पहिल्यांदा तिलाच असतं. भूकंपानंतर सास्तुरात कोरी बाई राहिलीच नव्हती. सांगणं सांगितलं असतं तर सगळं गाव उठून आडाकडं चालू लागलं असतं. म्हणून बत्तीस वर्षं ही ओवी कुणी म्हटली न्हाय.

मी म्हटली. पट्टी नऊ हजारांना लावली, चाळीस हजारांना लावली, आणि मी जाग्यावरनं हलले न्हाय. शिवलीलासाठी म्हटली न्हाय. बोलवायचीच होती मला.

१० सप्टेंबर

आली.

दुपारी जात्यापाशी उभी असते. नेसूचं तेच, गणपतीचं परकर-पोलकं. बसत न्हाय. बस गं म्हटलं तरी बसत न्हाय. जवळ पण येईना. मग मला कनवटीचं ध्यान आलं. पुडी सोडली, सगळं मीठ उकिरड्यावर टाकून आले.

सून म्हणाली, "बरं झालं, शहाण्या झालात."

कडू हातभर जवळ आली.

१४ सप्टेंबर

माकणीहून माणूस आला मोटरसायकलवर. सिद्रामप्पा नाव. पन्नाशीचा, दाढी वाढलेली. दारातच विचारलं, "आई, त्या ओवीवाल्या तुम्हीच का?"

बसा म्हटलं. पाणी दिलं. पाणी तसंच हातात धरून बोलत होता.

त्याची बारा वर्षांची पोरगी चैतात काविळीनं गेली. बायको जरा सावरली होती, शेतावर यायला लागली होती. मग फोनवर ओवी ऐकली. आता दिवसभर तेच लावते. "दोन ताटं वाढती. एक पोरीचं, एक आपलं. म्हणती, ती जेवली की मी जेवते. पोरीचं ताट कसं सरंल, आई? नऊ दिवस झाले, नुसत्या चहावर हाय. काल उठताना पडली."

मी विचारलं, तिनं पट्टी वाचली न्हाय का?

"वाचली की. मीच वाचून दाखवली. ऐकू नकोस म्हणून हात धरला. तर म्हणाली, घरातलं माणूस नुकतंच गेलं असेल तर – म्हंजे हे आपल्यासाठीच हाय. आपलंच नाव घेतलंय त्यांनी."

शिवलीलानं तिथल्या तिथं गाणं काढून टाकलं. सिद्रामप्पा म्हणाला, "काढून काय उपेग, बाळा? तिच्या फोनात हाय. माझ्या मेव्हणीच्या फोनात हाय. सगळ्या माकणीत हाय."

जाताना पाया पडला. उठताना म्हणाला, "तुमच्याकडं त्याच्यावर काही असंल तर बघा."

मी दाराकडं बघत होते. तो गेला त्या वाटेवरनं कडू बाजूला सरली.

१५ सप्टेंबर

आज लई विचार केला. सगळ्यांनी पट्टी वाचली. कुणी फसवलं न्हाय. मग चुकलं कुठं?

आजीचं सांगणं थांबत होतं. बाई उठून आडापर्यंत जाईस्तोवर जातं गप्प. कुणी उठायला लाजली तर दुसरी तिचा हात धरून न्यायची, आणि तिच्याबरोबर आडावर बसून राहायची. पट्टी कुणाची वाट बघत न्हाय. नाव घेते, आणि बटण पुढं करते. दुखऱ्या माणसाला नावानं हाक मारली आणि दार उघडं ठेवलं, तर ते आत येणार न्हाय तर काय?

आणि आत आलेल्यांना बाहेर काढायची ओवी मी म्हटलेलीच न्हाय. चाळीस हजार घरात माणसं बोलावली, आणि एकाला पण जेवू घालून वाटेला लावलं न्हाय.

१९ सप्टेंबर

सिद्रामप्पाचा फोन. बायकोला दवाखान्यात सलाईन लावलंय. ती सुई काढून टाकते. म्हणते, पोरगी उपाशी हाय.

पाठवणी म्हणायची राहिलीय ते शिवलीलाला सांगितलं. रडली. म्हणाली, "आजी, मग आत्ताच म्हण. मी लगेच पाठवते."

म्हटलं, ज्वारी निवडू दे.

२१ सप्टेंबर

ज्वारी निवडून झाली. पुन्हा निवडली. खडे नव्हतेच.

ऐक, पाठवणीची ओवी अशी हाय –

भाकर बांधली पदरी, वाट धर गं पांढरी
मागं वळून बघू नको, वाट बघंना कुणी घरी

हाय का मला म्हणता येण्यासारखं? वाट बघंना कुणी घरी! म्हणूनच म्हणणारी कोरी लागते. ही ओळ तोंडातनं खरी यावी लागते. खोटी म्हटली तर कुणी जात न्हाय, ना माझी, ना माकणीची. आणि मी तर बत्तीस वर्षं दुसरं काही केलेलंच न्हाय. उठायचं, वाट बघायची, भाकरी खायच्या, वाट बघायची.

ओवी म्हटली तर कडू जाणार. न म्हणावी तर ती माकणीची बाई मरणार.

कडू आता इतकी जवळ असते की तिच्या केसांना धुराचा वास येतो ते कळतं.

२५ सप्टेंबर

राजशेखर माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "आई, तो हुंकार तिचाच हाय ना?"

व्हय.

"तुला दिसती?"

म्हटलं, तुझ्या उजव्या हाताला उभी हाय. त्यानं तिकडं बघितलं न्हाय. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण हात हळूच मांडीखाली घेतला. "मी तिची वाट बघणं कधीच सोडलं, आई. सोडावं लागलं. तुम्ही सोडलं न्हाय म्हणून मला सोडावं लागलं." लहानपणापासून मला अगं-तुगं करणारा, आज तुम्ही म्हणाला.

म्हंजे घरात वाट बघणारी मी एकटीच.

२६ सप्टेंबर

म्हणून बघितली. दाणे घातले, चार शेर दळलं. भाकर सुनेकडून थापून घेतली, हातात धरली. शेवटच्या ओळीपाशी थांबले, ती खोटीच आली असती. कडू हसली. पुढचा एक दात पडलेला होता तिचा, ते मी विसरले होते. मी पण तुझ्यासारखीच की गं पाटी.

२८ सप्टेंबर

सिद्रामप्पाचा फोन शिवलीलानं घेतला. काय म्हणाला ते मला सांगेना. दोनदा विचारलं. मग म्हणाली, "आजी, उद्या-परवापर्यंतच."

कडूला विचारलं, एकटी जाशील का? मान हलवली, न्हाय म्हणून. अंधारात परसाकडं जायला पण भ्यायची ती. मी आपली ओरडायची, एवढी घोडी झालीस.

२९ सप्टेंबर

आज कडू बसली. मांडी घालून. मी खाली बसून जागा दाखवली, तर माझ्या शेजारी बसली.

३० सप्टेंबर

शिवलीले, आता ही पाटी तुला वाचावी लागंल. पाठवणीची ओवी फोनात हाय, शेवटची ओळ खरी करून म्हटलीय – आता घरी वाट बघणारं कुणी राहत न्हाय. तिला पट्टी लावू नको. आधी माकणीला पाठव, मग सगळ्यांना. नवं पीठ बुट्टीत झाकून ठेवलंय, त्याची पहिली भाकर हातात धरूनच म्हटली, ती माकणीला जाऊ दे – अर्धी पोरीसाठी उंबऱ्याबाहेर ठेवा म्हणावं, अर्धी दुधात कुस्करून तिच्या आईला. आणि जात्यापाशी दोन पाठवा. एक लहान थापायची, कडूला मोठी सरत न्हाय. दुसरी माझ्या मापाची. सुनेला सांग, तुझंच खरं झालं बाई – पिठल्यात मीठ घालू नको, दोघींच्याही.